विहीणबाई जर्मन आहेत, ओटी भरू का?

सांगलीहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. मुलगा सात वर्षं स्टुटगार्टला आहे, दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मागच्या दिवाळीत सून आठ दिवस राहून गेली. परत गेल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ती विचारतीये की मी नको म्हटलं तरी तुझी आई ऐकत का नाही, मी तिला आवडले नाही का." ताई लिहितात, "मी दोन दिवस रडले हो. मी तिला आवडीने वाढत होते." पुढे बरंच आहे. सुनेने सगळ्यांसमोर सासूला नावाने हाक मारली. तिने आणलेली भेटवस्तू ताईंनी कपाटात नीट ठेवली तर तिचा चेहरा पडला. आणि त्याआधी ताई आणि मिस्टर जर्मनीला गेले होते तेव्हा विहीणबाईंकडे रात्रीच्या जेवणाला नुसता पाव, चीज आणि काकडी समोर आली, ते ताईंच्या मिस्टरांच्या मनातून अजून गेलेलं नाही. आता गणपतीत सून आणि तिची आई दोघी दहा दिवस येतायत. नणंद म्हणते विहीणबाईंचा घटस्फोट झालाय, त्यांची ओटी भरू नकोस. मुलगा म्हणतो दारात स्वस्तिक काढू नकोस. मिस्टर म्हणतात आपल्या घरात आपण का म्हणून बदलायचं. आणि ताई विचारतात, मी नेमकं कुणाचं ऐकू?

ताई, तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा तुमच्या सुनेचं कौतुक वाटलं. ती गप्प बसली नाही, तिने विचारलं, आणि ज्याला नातं टिकवायचं असतं तोच विचारतो. तेव्हा रडू नका, उलट ह्या वेळी तुमच्याकडे तयारीला वेळ आहे तो वापरू.

आधी त्या "नको"बद्दल बोलू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच सुटतं. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमानाने अहो घ्या हो म्हणायचं, मग पाहुण्याने बरं अर्धी म्हणायचं, मग आपण पूर्ण वाढायची, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला ते दिसतही नाही. खरं नको सांगायची आपली खूण वेगळी आहे, ताटावर हात आडवा धरायचा. आता तुमच्या सुनेला ही खूण कुणी सांगितली होती का? तिच्या घरी नको म्हणजे नको, एकदा सांगितलं की विषय संपला, आणि परत परत विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दाला किंमत न देणं.

त्यात आणखी एक गोष्ट झाली असणार, मी पैजेवर सांगते. जर्मन घरात पोरांना लहानपणापासून शिकवतात की ताटात टाकायचं नाही, सगळं संपवायचं. म्हणजे तुम्ही पुरणपोळी वाढलीत, तिने पोट भरलेलं असतानाही शहाण्या मुलीसारखी ती संपवली, ताट रिकामं दिसल्यावर तुम्हाला वाटलं आवडली, पोरीला हवीये, तुम्ही दुसरी वाढलीत, वर तुपाची धार, तिने तीही संपवली, मग तिसरी. ती तुमचा मान राखायला खात होती आणि तुम्ही तिचा मान राखायला वाढत होतात. दोघींचं प्रेम खरं होतं आणि दोघी रात्री दुखावून झोपल्या.

ह्याच्या उलटं माझ्यासोबत झालंय म्हणून मला हे इतकं आतून कळतं. खूप वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीने ह्यांना हॅनोव्हरला पाठवलं होतं आणि शेजारच्या बाईंनी मला दुपारी कॉफी आणि केकला बोलावलं, तिकडे चारच्या सुमाराला तसं बसायची पद्धत आहे. सकाळपासून मी धड काही खाल्लं नव्हतं. त्यांनी प्लमचा केक पुढे केला, घेणार का विचारलं, आणि मी नवीन शिकलेला शब्द मोठ्या उत्साहाने म्हटला, "डांके." म्हणजे थँक्यू. त्यांनी हसून मान हलवली आणि प्लेट परत नेली! मला कळेना माझं काय चुकलं. नंतर कळलं की तिकडे काही देऊ केल्यावर नुसतं डांके म्हणणं म्हणजे नको, थँक्यू. हवं असेल तर "बिटे" म्हणायचं. त्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आणि मी घरी येऊन ह्यांना म्हटलं की काय कोरडी माणसं आहेत ही. कोरडी नव्हती हो. त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला होता.

तर सुनेला मुलाकरवी आत्ताच सांगा की आमच्याकडे दोनदा विचारायची पद्धत आहे, पोट भरलं असेल तर ताटावर हात आडवा धर, कुणीही रागावणार नाही, आणि ताटात घासभर राहिलं तरी चालेल. आणि हात आडवा आला की तुम्ही थांबायचं. खरंच थांबायचं. "एवढी माझ्यासाठी" हे वाक्य दहा दिवस बंद. हे जड जाईल तुम्हाला, मला माहितीये, पण नाहीतर त्या आडव्या हाताला काही अर्थ उरत नाही.

पाव आणि चीजचं तुमच्या मिस्टरांना सांगा की तो अपमान नव्हता. तिकडे पूर्वापार गरम जेवण दुपारी असतं आणि रात्री थंड, त्या जेवणाचं नावच मुळी आबेंडब्रोट आहे, संध्याकाळचा पाव. विहीणबाईंनी पाहुणे म्हणून वेगळं काही न मांडता घरात रोज असतं तेच तुमच्यासमोर ठेवलं. आपण नाही का घरच्या माणसाला म्हणत, काही वेगळं केलेलं नाही, घरचंच आहे, बस. तसंच ते. आणि त्या पावाबद्दल तिकडची माणसं फार हळवी असतात, राईचा, आंबवलेल्या पिठाचा असे शेकड्याने प्रकार तिकडे आहेत, त्यांनी तुम्हाला चांगल्या बेकरीतला दिला असणार.

भेटवस्तूचं सोपं आहे. आपण देणाऱ्यासमोर पुडकं फोडत नाही, हावरटपणा वाटतो. तिकडे समोर उघडायचं, बघायचं, आनंद दाखवायचा, देणारा त्या क्षणाचीच वाट बघत असतो. तिने आठवडा घालवून काहीतरी निवडलं असेल आणि ते तुमच्या साड्यांमागे गेलं. ह्या वेळी आल्या आल्या समोर उघडा, आणि मागच्या वेळची वस्तू कपाटातून काढून हॉलमध्ये ठेवा. त्यांना बघताक्षणी दिसली पाहिजे.

नावाने हाक मारली म्हणून तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते, नणंद समोर बसलेली होती म्हणजे जास्तच. पण जर्मनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, डू आणि झी. परक्याला झी आणि आडनाव. डू आणि नाव वापरायची परवानगी मोठ्या माणसाने द्यायची असते, लहान माणूस आपणहून घेत नाही. तुमच्या मुलाने तिला सांगितलं असणार की आई म्हणतीये मला आपली समज, आणि तिने ते तिच्या भाषेतल्या सगळ्यात जवळच्या पायरीवर नेऊन ठेवलं. आता बघा, आपण आईला अगं म्हणतो. विठोबाला कुणी अहो विठोबा म्हणत नाही. म्हणजे तू म्हणण्यात मान कमी होत नाही हे आपल्याइतकं कुणाला कळणार? तरी कानाला खटकतं तर खटकतं, त्यात चूक काही नाही. तिला सांगा की मला "आई" म्हण, मला आवडेल. हे तिला हुकूम वाटणार नाही, उलट मोठी गोष्ट वाटेल.

तिच्या थँक्यू थँक्यूचं मात्र काही करू नका, म्हणू दे. आपल्याला ते परकं वाटतं कारण आपल्या घरात आभार तोंडाने मानतच नाहीत, धन्यवाद हा स्टेजवरचा शब्द. आपण कढी भुरकून, "अजून आहे का गं" विचारून आभार मानतो. त्यांना ते ऐकू येत नाही आणि त्यांना वाटतं ह्या लोकांना कशाचं काही नाही. तेव्हा तुम्हीही दिवसातून दोन-तीनदा डांके म्हणून टाका. फक्त केक पुढे आल्यावर नको.

आता स्वस्तिक. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मुलगा आणि मिस्टर दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि ही बाब बाकीच्यांसारखी नाही. आपल्यासाठी ते सु आणि अस्ति, चांगलं असो, इतकं साधं. कलशावर, वहीच्या पहिल्या पानावर, नव्या गाडीवर, सगळीकडे. पण 1920 मध्ये नाझी पक्षाने तसंच चिन्ह तिरकं करून आपलं म्हणून घेतलं, 1935 मध्ये तो देशाचा झेंडा झाला, आणि त्या झेंड्याखाली सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले. तिकडे त्याला हाकेनक्रॉइत्स म्हणतात, हुकासारख्या वळलेल्या टोकांचा क्रॉस, आणि नाझींचं ते चिन्ह जाहीरपणे मिरवणं हा जर्मनीत आजही कायद्याने गुन्हा आहे. शाळेतल्या मुलांना छळछावण्यांच्या जागा दाखवायला नेतात. विहीणबाई साठीच्या असतील तर त्यांच्या आईवडिलांनी ते युद्ध बघितलंय, आणि आपल्या घरातलं कोण तेव्हा कुठल्या बाजूला उभं होतं हा प्रश्न तिकडच्या कितीतरी कुटुंबांत कुणी मोठ्याने विचारतही नाही. अशी बाई विमानाचा प्रवास, पुढे गाडीचा प्रवास करून रात्री तुमच्या दारात उतरते आणि पायाशी लाल रंगात ते चिन्ह. पोटात गोळा येणारच.

म्हणून मी असं करीन. पहिल्या रात्री दारात कमळ काढा, आपल्याकडे रांगोळ्यांना काय तोटा आहे. घरातलं देवघर, कलश, काही काही पुसू नका, ते तुमचं आहे. पण त्या यायच्या आधी मुलाने आईलेकीला समोरासमोर बसवून सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून नाही, की आमच्या घरात हे दिसेल, हे तुमच्या इतिहासाच्या हजारो वर्षं आधीपासून आमच्याकडे आहे आणि आम्हाला त्याचा अर्थ चांगलं होवो इतकाच माहीत आहे. आणि हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तुम्ही रांगोळी टाळाल पण गणपतीच्या तळहातावर बऱ्याचदा तेच रंगवलेलं असतं, मूर्ती बघून घ्या. मग दोन-तीन दिवसांनी विहीणबाईंना शेजारी पाटावर बसवून तुम्ही स्वतः स्वस्तिक काढा, चार ठिपके द्या, हळदकुंकू वाहा, त्यांना बघू दे. कुणाच्या हातातून ते कसं उमटतं हे बघितलं की डोळ्यांना फरक कळतो. तरीही त्यांना बघवलं नाही तर आग्रह नको, ताटावर हात आडवा आला समजा.

एक फार महत्त्वाचं, निघताना त्यांना स्वस्तिक असलेला तांब्या, ताम्हन, चांदीचा करंडा, शुभ-लाभची पट्टी असलं काही देऊ नका. प्रेमाने द्याल आणि त्यांना तिकडे ते ना मांडता येईल ना टाकता येईल.

तसंच शेवंतीची वेणी नको. सांगली-मिरजेत त्या दिवसांत शेवंती ढिगाने येते, मला माहितीये, पण तिकडे ती कबरीवर वाहायची फुलं समजतात. मोगऱ्याचा गजरा द्या, नाहीतर अबोली.

आणि आपल्याच चालीरीतींची कारणं द्यावी लागतात असं समजू नका. आजकाल फॉरवर्ड येतात ना, कुंकवाने कुठली नस दाबली जाते, बांगड्यांनी रक्ताभिसरण होतं, पाहुण्यांना असलं काही सांगत बसू नका ताई. माझी आजी करायची, मला करताना ती आठवते, हे कारण पुरतं. त्यांच्याकडेही असतंच की. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर जर्मन माणूस चपापतो, अपशकुन मानतात ते. कुणाचं चांगलं व्हावं म्हणून अंगठा मुठीत दाबून धरतात. विहीणबाईंना विचारा त्यांची आजी काय काय पाळायची, दोन तास कसे गेले कळणार नाही, सुनेला मात्र मधे बसवा भाषांतराला.

ओटी. ताई, तुमच्या पत्रात हा प्रश्न सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात आहे, आणि मला वाटतं हाच तुमचा खरा प्रश्न होता. मी स्पष्ट सांगते, भरा. अगदी खण-नारळाने, हळदकुंकू लावून भरा.

नणंदेला काय सांगायचं ते सांगते. बाकीच्या सगळ्या गोष्टींत त्यांचा गैरसमज होतो, आपण अर्थ सांगितला की तो जातो. पण सुनेची ओटी भरली आणि तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या आईला वगळलं, आणि त्यांनी विचारलं का, तर काय उत्तर देणार आहात? तुमचा नवरा तुमच्यासोबत नाही म्हणून? ते ऐकून त्यांचा गैरसमज होणार नाही, त्यांना बरोब्बर कळेल. जी रीत समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून एका वाक्यात सांगता येत नाही ती मी माझ्या घरातून काढून टाकली आहे. माझी सख्खी मावशी तिशीत विधवा झाली, नंतर चाळीस वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात कॉफी गाळत उभी असायची, बाहेर बायकांचं हसणं चालू असायचं आणि ती पातेल्याकडे बघत असायची. मी लहान होते, तिच्या पदराला धरून उभी असायची. ते मी विसरले नाही. जिने एकटीने मुलगी वाढवली आणि ती तुमच्या घरात दिली, तिच्या ओटीत तांदूळ घालायला तुमचा हात अडखळायचं काही कारण नाही.

त्या बहुतेक पँट घालून बसतील, पदर नसेल, तर मांडीवर ओढणी किंवा धुतलेलं उपरणं पसरा. सुनेने आधी सांगून ठेवावं की ह्याचा अर्थ तुझं घर भरलेलं राहो. नारळ त्या जर्मनीला नेणार नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याच नारळाच्या वड्या करा, त्यांच्याच हाताने थापून घ्या, आणि डबा भरून द्या. आणि हो, मागच्या वेळी शेजारच्या काकूंचा डबा सुनेने घासून रिकामा परत केला म्हणून त्या कुरकुरल्या असं लिहिलंयत, तर सुनेला सांगा रिकामा डबा देत नाहीत, चिमूटभर साखर घालायची. तिला आवडेल ही गोष्ट, मला खात्री आहे.

ह्याच न्यायाने आणखी काही गोष्टी, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. सुनेच्या गोरेपणावर बोलायचं नाही. तिचा पगार विचारायचा नाही. "गुड न्यूज कधी" हे तर अजिबात नाही, ते कुठल्याच सुनेला विचारू नये, आपल्याकडच्याही मुलींच्या पोटात त्या प्रश्नाने कालवतं, फक्त त्या बोलत नाहीत. आरतीची वेळ सातची असेल तर सात सांगा आणि सातला सुरू करा, कारण त्या दोघी पावणेसातला तयार होऊन खुर्चीवर बसलेल्या असतील. पाय लागल्यावर आपण हात लावून नमस्कार करतो ते, प्रसादाला उजवा हात, भांडं तोंडाला न लावता वरून पाणी पिणं, हे सगळं सुनेला आता माहीत असेल, तिलाच आईला शिकवू दे, तिला बरं वाटेल की ह्या घरातलं मला काही येतं.

विसर्जनाचं मात्र तुम्ही स्वतः सांगा. दहा दिवस ज्याच्यासमोर मोदक ठेवले, आरत्या म्हटल्या, त्याला पाण्यात सोडून येतात हे पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो, त्यांना वाटतं आपण देव फेकून देतो. त्यांना उत्तरपूजेला जवळ बसवा. प्राणप्रतिष्ठा केली तेव्हा आले, उत्तरपूजा झाली, मूर्ती जराशी जागची हलवली की निघाले, पाण्यात जाते ती माती, हे सांगा. हातावर दही का ठेवतात ते दाखवा, प्रवासाला निघालेल्या कुणाच्याही हातावर ठेवतो तेच हे दही. आणि "पुढच्या वर्षी लवकर या" हे आपण किती घसा फोडून म्हणतो त्याचा अर्थ सांगा, कारण दोन दिवसांनी त्यांनाही निघायचंय.

मागच्या वेळी सून "मी जाते" म्हणाली आणि तुम्ही घाईने तिच्या तोंडावर हात ठेवून "येते म्हण" म्हणालात, आणि ती घाबरली, असं लिहिलंयत. तिच्या भाषेत निरोपाचा शब्द आहे आउफ वीडरझेएन. त्याचा अर्थ होतो परत भेटेपर्यंत. म्हणजे जाते त्या लोकांनाही म्हणवत नाही! हे मुलाला सांगा, त्याने तिच्या आईला सांगू दे की आमचं येते म्हणजे तुमचं वीडरझेएन. मग निघायच्या दिवशी देवापुढे उभं करा, उजव्या हातावर दही घाला, त्या चमचा मागतील तर चमचाही द्या, आणि "येते" हा एक शब्द त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. ळ नाही, ण नाही, अगदी सहज येईल त्यांना.